पिकअपचे नाक खालीच का असते?

कांद्याच्या हंगामात सकाळी लासलगावच्या बाजार समितीसमोर थोडा वेळ उभे राहिले, तर एकाच गाडीच्या दोन चाली पाहायला मिळतात. आत येणाऱ्या पिकअपचा हौदा शिगोशीग भरलेला असतो, मागचा भाग चाकांवर दबलेला आणि बॉनेट वर उचललेले. लिलाव आटोपतो, कांदा उतरतो, भुईकाट्यावर रिकामे वजन होते आणि तीच गाडी बाहेर पडते तेव्हा चित्र उलटलेले असते. आता मागचा भाग उंच, पुढचा झुकलेला, आणि प्रत्येक खड्ड्याला फाळका खणखणतो आहे.

गाडी सपाट अशी कधी दिसतच नाही. नव्याने पिकअप घेणाऱ्याला हे खटकते. मग कुणी सुचवते की पुढून थोडी उचलून घ्या, कुणी म्हणते मागे एक पाटा वाढवा, आणि कुणी मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘लेव्हलिंग किट’चे फोटो दाखवते. गाडीची पुढची आणि मागची उंची एका रेषेत आणणारा सुट्या भागांचा संच, इतकाच या किटचा अर्थ. पण यातला कोणता भाग कोणत्या गाडीला चालतो आणि कोणता बसवला तर घाटात महागात पडतो, हे ठरवण्याआधी तो तिरकेपणा कारखान्यातून मुद्दाम का दिलेला असतो ते समजून घ्यावे लागते.

पिकअपचे इंजिन, गिअरबॉक्स, केबिन आणि चालक हे सगळे पुढच्या भागात. मागे नुसता हौदा. त्यामुळे रिकाम्या गाडीचे बहुतेक वजन पुढच्या एक्सलवर असते आणि पुढचे सस्पेन्शन त्या वजनाला सरावलेले असते. ओझे मात्र जवळजवळ सगळे मागे पडते. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर ३ मीटर आणि मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या २० सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर १,३०० किलोंपैकी पुढच्या एक्सलवर ९० किलोही येत नाहीत. उरलेले १,२०० किलोंहून अधिक मागचा एक्सल सोसतो. मालाचा मध्य मागच्या एक्सलच्याही ३० सेंटिमीटर मागे गेला, तर सीसॉसारखे घडते: पुढच्या एक्सलवरचे वजन वाढायचे सोडून १३० किलोंनी कमी होते. लांब हौद्याच्या गाडीत फाळक्यापर्यंत रचलेला माल नेमके हेच करतो. स्टिअरिंग हलके लागायला लागते आणि चालकाला वाटते, गाडी छान पळते आहे.

मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, म्हणूनच रिकाम्या गाडीत जास्त कमान राखून बसवलेले असतात. भार आला की ती कमान सपाट होते, मागची बाजू काही सेंटिमीटर खाली येते आणि गाडी जवळपास आडवी होते. रिकामी असताना दिसणारा तिरकेपणा ही भारासाठी राखून ठेवलेली जागा आहे. तो काढून टाकायचा म्हणजे त्या जागेतून उचल करायची. शिवाय तो चालकाला फुकटात मिळालेला काटाही आहे. मडगार्ड आणि चाक यांच्यातली फट पाहून अनुभवी चालक सांगतो, ‘आज जरा जास्तच भरलीय’.

अमेरिकेत लेव्हलिंग किटचा बाजार फोफावला त्याचे कारण वेगळे. तिथे लाखो पिकअप ओझ्यासाठी नव्हे तर घरच्या वापरासाठी घेतल्या जातात. हौदा वर्षातले बहुतेक दिवस रिकामा असतो, त्यामुळे तो तिरकेपणा कायम दिसत राहतो आणि पुढे मोठे टायर बसवायची हौसही असते. पुढचा भाग दीडदोन इंच उचलला की दोन्ही गोष्टी साधतात. हौस पुढे गेली की तिचा अतिरेकही होतो. पुढचा भाग उंचच उंच आणि मागचा जमिनीला टेकलेला अशी फॅशन तिथल्या कॅरोलायना भागात इतकी पसरली, की उत्तर कॅरोलायना राज्याने २०२१ च्या डिसेंबरपासून कायद्याने तिला लगाम घातला. पुढच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा ४ इंच किंवा त्याहून जास्त करायला तिथे आता बंदी आहे. अशा गाडीतून समोरचा रस्ता दिसत नाही, आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात.

आपल्याकडे ही हौस इसुझूच्या डी-मॅक्स व्ही-क्रॉसबरोबर २०१६ मध्ये आणि टोयोटाच्या हायलक्सबरोबर २०२२ मध्ये ठळकपणे आली. नाशिकमध्ये द्राक्षबागायतदार, हॉटेलवाले आणि सह्याद्रीत भटकणारे अशा गाड्या बाळगतात. पण नाशिक जिल्ह्यातली खरी पिकअप दुसरीच आहे. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो, लासलगावला कांदा, दिंडोरी-निफाडहून द्राक्ष वाहणारी ती गाडी म्हणजे बहुधा बोलेरो पिकअप, नाहीतर टाटा योद्धा, अशोक लेलँडची दोस्त, आणि छोट्या फेऱ्यांना २००५ पासून आलेली टाटा एस, म्हणजे ‘छोटा हत्ती’. या जिल्ह्याला वाहनउद्योग काही परका नाही. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थार बाहेर पडल्या आहेत, आणि शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तरी किटच्या बाबतीत नाशिककर आणि अमेरिकन ग्राहक यांच्या गरजा जवळपास उलट्या आहेत: तिकडे रिकाम्या गाडीचे नाक उचलायचे असते, इकडे भरलेल्या गाडीची पाठ.

हौसेच्या आणि मालवाहू पिकअपच्या या दोन घराण्यांत यांत्रिक फरकही आहे आणि किट निवडताना तो सगळ्यात आधी पाहावा लागतो. व्ही-क्रॉस आणि हायलक्स यांना पुढे दोन चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शन असते: वरखाली दोन आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग आणि तिच्या पोटात शॉकअप. मागे मात्र पाटेच. बोलेरो पिकअपसारख्या मालवाहू गाड्यांना पुढेही पाटे असतात. तिसरा प्रकार टॉर्शन बारचा. टाटा झेनॉनसारख्या गाड्यांत पुढे कॉइलऐवजी पीळ घेणारी पोलादी कांब असते, आणि तिचा बोल्ट आवळून पुढची उंची काहीशी वाढवता येते. म्हणजे तिथे किटची गरजच नाही, निष्णात हात आणि मोजपट्टी पुरते. कॉइलसाठी बनलेली चकती पाट्याच्या गाडीला लागत नाही आणि पाट्याचा उपाय कॉइलला. हे उघड वाटेल, पण ‘सर्व पिकअपसाठी’ असे छापलेली खोकी ऑनलाइन सर्रास विकली जातात.

नाशिकचा रस्त्याकडेचा पाटेवाला देतो तो उपाय सगळ्यांत जुना आहे: पाटा वाढवणे. पाट्यांची कमान घोडागाड्यांच्या काळापासून टिकली आहे, कारण तीच स्प्रिंग, तीच एक्सल धरून ठेवणारी पट्टी आणि पाटे एकमेकांवर घासल्याने थोडासा शॉकअपही, अशी तीन कामे ती एकटी करते. तिचे गणित मात्र फसवे आहे. कमानीचा ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण पाट्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात. सहा सारख्या पाट्यांत सातवा घातला तर ताठपणा सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. पाटे १० टक्के जाड घेतले तर तो ३३ टक्क्यांनी वाढतो. म्हणून ‘दुसऱ्या गाडीचा आहे, जरा जाड आहे, पण बसतोय’ असा पाटा टाकणे म्हणजे नेमके काय केले हे ना मालकाला कळते ना पाटेवाल्याला.

जुने पाटे बसलेले असतील तर ते ठोकून पुन्हा कमान भरून घेण्याची पद्धतही सर्वत्र आहे. पाट्याचे पोलाद सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेले असते, ते आधी कडक केलेले आणि मग ठरावीक उष्णतेवर मुरवलेले असते. थंड पाटा ठोकून वाकवला की कमान दिसते, टिकत नाही. काही महिन्यांत तो पुन्हा बसतो. गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवला तर त्या जागी कडकपणाच निघून जातो आणि पाटा तिथेच तुटायचा. नवा संच महाग वाटला तरी ठराविक भाराच्या गाडीला तोच खरा ‘लेव्हलिंग’चा उपाय ठरतो. मर्यादेतल्या वजनाखाली मागची कमान उलटी वळत असेल, तर गाडीला किट नको, नवे पाटे हवेत.

पण ताठ पाटा फुकट मिळत नाही. त्याची किंमत रिकाम्या फेरीत मोजावी लागते, आणि द्राक्षाच्या बाबतीत भरलेल्या फेरीतही. स्प्रिंग आपल्यावरच्या वजनाने जितकी दबलेली असते, तितकी तिची वरखाली होण्याची लय संथ. ४० मिलिमीटर दबलेली स्प्रिंग सेकंदाला सुमारे अडीच वेळा झुलते, १२० मिलिमीटर दबलेली दीडपेक्षाही कमी वेळा. रिकामी पिकअप उड्या मारते आणि भरलेली डौलात चालते ती यामुळे. आता पाटे इतके ताठ केले की पूर्ण भारानेही ते ६० मिलिमीटरच दबतात, तर भरलेली गाडीही सेकंदाला दोनदा थडथडणार. फळांच्या वाहतुकीवर झालेल्या अभ्यासांत काही गोष्टी पुन्हापुन्हा दिसल्या आहेत: मागच्या एक्सलवरच्या खोक्यांना जास्त धक्के बसतात, एकावर एक रचलेल्या खोक्यांत सगळ्यात वरच्या थराला सर्वाधिक मार बसतो, आणि हवेच्या सस्पेन्शनवर पाट्यांपेक्षा नुकसान कमी होते. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या ठिकाणी निर्यातीची द्राक्षे पोचतात तेव्हा मणी घडावरून सुटलेले नसावेत, त्यावरची लव पुसलेली नसावी, इतकी बारीक कसोटी असते. बागेपासून पॅकहाउसपर्यंतचा कच्चा रस्ता जास्तीच्या पाट्यावर काढला, तर गाडी सरळ दिसेल आणि मणी सुटतील. बागायतदाराने पाटा वाढवण्यापेक्षा खोक्यांचा थर कमी करावा आणि टायरमधली हवा तपासावी, हे जास्त शहाणपणाचे.

टोमॅटोचे गणित वेगळे, कारण तिथे मोह वजनाचा असतो. २० किलोंच्या साठ क्रेटांचे १,२०० किलो होतात. प्रत्येक रिकाम्या क्रेटचे वजन दीडदोन किलो धरले तर आणखी शंभर. म्हणजे १.३ टन पासिंगच्या बोलेरो पिकअपची मर्यादा साठ क्रेटांतच संपते. वर चढलेले दोन मजूर हिशेबात नाहीतच. हंगामात हौद्याला वरून जाळी लावून किती क्रेट रचले जातात हे पिंपळगावच्या रस्त्यावर कुणालाही मोजता येईल. अशा गाडीला मागे पाटा वाढवला की ती दबत नाही, चालकाला जड वाटत नाही आणि रस्त्यावरच्या पोलिसाच्या नजरेतही भरत नाही. पाट्याने वजन दिसेनासे केले, कमी केले नाही. एक्सलची नळी, चाकाचे बेअरिंग, टायर, चेसिस आणि ब्रेक पूर्वीचेच राहिले. गाडीची वहनक्षमता यांतल्या सर्वांत दुबळ्या भागाने ठरते, पाट्याने नव्हे.

ब्रेकचा विषय लेव्हलिंगच्या गप्पांत क्वचित येतो आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. तो चेसिसला बसवलेला असतो आणि एका दांडीने मागच्या एक्सलशी जोडलेला असतो. त्याला वजन कळत नाही, अंतर कळते. चेसिस आणि एक्सल जवळ आले की तो समजतो की हौदा भरला आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. अंतर वाढले की हौदा रिकामा आहे असे समजून दाब कमी करतो, कारण रिकाम्या गाडीची हलकी मागची चाके जोराच्या ब्रेकला जागीच जाम होतील आणि गाडी आडवी फिरेल. आता मागे पाटा वाढवून किंवा ठोकळा घालून चेसिस ५ सेंटिमीटर उचलले. हौद्यात सव्वा टन माल आहे, पण व्हॉल्व्हला गाडी अर्धी रिकामी वाटते. मागचे ब्रेक अर्ध्या मनाने लागतात आणि सगळे काम पुढच्यांवर पडते.

सपाट रस्त्यावर हे लक्षातही येत नाही. नाशिकहून भाजी घेऊन वाशीच्या बाजाराकडे निघालेली गाडी इगतपुरीनंतर कसारा घाट उतरू लागली की येते. उतारावर वजन आधीच पुढे सरकते, पुढचे ब्रेक तापतात, तापले की त्यांची पकड सुटत जाते आणि चालक आणखी जोराने पाय दाबतो. घाटात धूर सोडत उभी असलेली प्रत्येक पिकअप याच कारणाने उभी असते असे नाही. चुकीचा गिअर हे सर्वांत मोठे कारण. पण मागची उंची बदलल्यावर त्या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापानुसार पुन्हा जुळवायची असते, आणि हे काम करून देणारा पाटेवाला शोधावा लागतो. तो ‘त्याला काही होत नाही’ म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात जावे.

दिव्यांचा हिशेब याच्या मानाने सोपा. ३ मीटरच्या अंतरात गाडीचे नाक ५ सेंटिमीटर वर गेले, तर २५ मीटरवर प्रकाशाचा झोत ४० सेंटिमीटरहून जास्त वर चढतो. लो बीम साधारण १०० मीटरला १ मीटर खाली झुकलेला असतो, म्हणजे २५ मीटरवर २५ सेंटिमीटर. तो सगळा झुकाव संपून दिवा समोरच्याच्या डोळ्यांकडे वळतो. पुढे चकती टाकून रिकामी गाडी सरळ केली आणि मग हौदा भरला, तर हेच होते. म्हणून गाडी ‘सरळ’ करायची ती रिकामी असतानाच्या फोटोसाठी की भरलेली असतानाच्या रस्त्यासाठी, हे आधी ठरवावे. डॅशबोर्डवर दिव्याचा झोत खालीवर करणारे छोटे चाक असेल तर भरल्या गाडीत ते फिरवावे. ते असते हेच अनेकांना ठाऊक नसते.

मोजणी केल्याशिवाय किट विकत घेऊ नये, आणि नाशिक जिल्ह्यात मोजणी फार सोपी आहे, कारण प्रत्येक बाजार समितीजवळ भुईकाटा आहे. नेहमीचा माल भरून आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून मागच्या एक्सलचे. वजाबाकी केली की पुढचे मिळते. हीच दोन वजने रिकाम्या गाडीची. सोबत सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवावी. जमिनीपासून मोजू नये, कारण मग टायरची झीज आणि हवा हिशेबात घुसते. डावी-उजवी बाजू दीड-दोन सेंटिमीटरहून जास्त वेगळी निघाली, तर लेव्हलिंगचा विचार बाजूला ठेवून आधी तुटका पाटा, सैल यू-बोल्ट किंवा खाल्लेला बुश शोधावा. पाट्यांच्या संचातला एक मधला पाटा तुटलेला असून महिनोन्‌महिने गाडी पळवली जाते. तुटका पाटा बाहेरून दिसत नाही, मापात दिसतो.

या आकड्यांवरून निवड बरीच सुकर होते. भरलेल्या गाडीची मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित वर किंवा समान राहत असेल, तर काहीही करू नये. हा सल्ला दुकानदाराच्या तोंडून ऐकायला मिळणार नाही, पण बहुतेक गाड्यांना हाच लागू पडतो. मर्यादेतल्या भारातही मागची बाजू कधीमधी जास्त बसत असेल, जसे हंगामाचे दोन-तीन महिने, तर कायमचा पाटा घालण्यापेक्षा गरजेपुरता आधार देणारा उपाय बरा. त्यात सगळ्यात साधा म्हणजे पोकळ रबरी हेल्पर. एक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये मूळ रबर बफरच्या जागी तो बसतो, रिकाम्या गाडीत चेसिसला टेकत नाही आणि भार वाढला की हळूहळू वाटा उचलतो. हवा भरायची नाही, गळायचे काही नाही.

हवेचा बलून त्याहून लवचीक. ५ ते १०० पीएसआयच्या टप्प्यात हवा कमीजास्त करून एकच गाडी रिकामी मऊ आणि भरलेली ताठ ठेवता येते. दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळी असावी, नाहीतर वळणावर बाहेरच्या बलूनमधली हवा आतल्या बलूनमध्ये पळते आणि गाडी जास्तच कलते. यात एक धोका आहे, तो ऑस्ट्रेलियात चांगलाच अनुभवला गेला. डी-मॅक्स आणि हायलक्ससारख्याच दोन रांगांच्या पिकअपना मागे जड कॅरव्हॅन जोडून लोक वाळवंटातल्या खडबडीत रस्त्यांवर जातात आणि मागचा भाग बसू नये म्हणून बलून फुगवतात. पाटे भार चेसिसला पुढे आणि मागे अशा दोन टोकांना देतात, बलून तो एक्सलच्या वर एकाच ठिकाणी देतो. मागच्या टोकाला लटकलेले वजन आणि मध्ये तो टेकू अशा ताणात तिथे कित्येक गाड्यांच्या चेसिस केबिनमागे वाकल्या. नाशिकमध्ये कॅरव्हॅन नसते, पण फाळका उघडा टाकून त्यावर रचलेला माल तेच काम करतो.

मागे एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे हा स्वस्त मार्ग. त्याने ताठपणा वाढत नाही, नुसती उंची वाढते, आणि जोरात गाडी उचलताना एक्सलला पिळवटायला लांब दांडी मिळते. एकावर एक दोन ठोकळे तर कधीच नाहीत, आणि पुढच्या पाट्यांखाली एकही नाही: पुढे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींचा जोर तिथेच येतो. शॅकल लांब करण्याचाही प्रकार चालतो. त्यात वाढवलेल्या लांबीच्या निम्मीच उंची मिळते, आणि एक्सलचा कोन बदलल्याने प्रोपेलर शाफ्टच्या जोडाला कंप सुटतो.

राहिली व्ही-क्रॉस आणि हायलक्सवाल्यांची पुढची चकती. यांच्या हौद्याची वहनक्षमता मालवाहू पिकअपच्या निम्म्याहूनही कमी आणि हौदा बऱ्याचदा रिकामा, त्यामुळे पुढून थोडे उचलण्यात तत्त्वतः काही गैर नाही. फसगत मापात होते. शॉकअप खालच्या आर्मवर चाकापर्यंतच्या अंतराच्या साधारण मध्यावर बसलेला असतो, म्हणून त्याच्या डोक्यावर १ इंचाची चकती ठेवली की चाकाशी उंची २ इंचांच्या आसपास वाढते. ‘२ इंची किट’ म्हणजे २ इंच जाड चकती की २ इंच उंची, हे विचारून घ्यावे. उंची वाढली की आर्म खाली झुकतात, चाकांचा कल आणि दिशा बिघडते, वरच्या आर्मच्या बॉलजॉइंटचा कोन टोकाला जातो आणि फोर व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या शाफ्टचे जोड सतत वाकलेल्या स्थितीत फिरतात. चाकाला खाली पडायला उरलेली जागा कमी होते, म्हणून स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘ठक्’ असा आवाज येतो. दीड इंचापर्यंत हे सगळे चांगल्या व्हील अलाइनमेंटने सावरते. त्यापुढे वरचे आर्मही बदलावे लागतात आणि खर्च वाढतच जातो.

चकतीपेक्षा योग्य ताठपणाची कॉइल आणि तिला जुळणारा शॉकअप हा पर्याय महाग, पण सरस. पुढे पोलादी बंपर किंवा विंच लावली असेल तर तोच एकमेव बरा, कारण ते वजन मूळ कॉइलने धरलेलेच नव्हते. कॉइल सोडवायची ती योग्य प्रेसवरच. दबलेल्या कॉइलमध्ये साठलेला जोर हात मोडायला पुरेसा असतो.

कायद्याची बाजू पाहिल्याशिवाय हातोडा उचलू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलांशी आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ मापांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अशी तरतूद केली. जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा झाला. मूळ जातीचा, मूळ मापाचा पाटा बदलणे ही दुरुस्ती आहे. उंची ठळकपणे बदलणे ही दुरुस्ती राहत नाही. पाट्याचे बिल दाखवून आरसीवरचे पासिंग वाढत नाही आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी गाडीखाली वाकून पाहतो. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

सर्व विचार करूनही काम करायचे ठरले, तर कारागिरीच्या काही गोष्टी मालकाने स्वतः उभे राहून पाहाव्यात. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळले की ताणले जातात, त्यामुळे संच उघडला की नवेच लावावेत, आणि टॉर्क पाना वापरूनच आवळावेत. रबरी बुशचे बोल्ट गाडी स्टँडवर लटकलेली असताना पक्के करू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावरच करावेत, नाहीतर बुश कायम पीळ घेऊन राहतो आणि लवकर फाटतो. ताठ पाट्याला जुना मऊ शॉकअप पुरत नाही, स्प्रिंग बदलली की त्याचाही विचार करावा. ब्रेकची रबरी नळी आणि व्हॉल्व्हची दांडी चाक पूर्ण खाली सोडून पाहावी, ताणली जाता कामा नये. मग अलाइनमेंट, भिंतीवर दिव्यांची जुळणी, आणि ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घेणे. अलाइनमेंटचे आधीचे आणि नंतरचे, असे दोन्ही छापील कागद मागून घ्यावेत. पुढच्या टायरची एकच कड खायला लागली, तर भांडायला तेवढाच आधार असतो.